दोनशे बारा स्वेटर

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडायला घेतलं असशील, तर आधी एवढं वाच आणि मग फाड. फोन करणार होतो, पण तू उचलणार नाहीस. दाजींना मध्ये घालून बोलण्यात मजा नाही. ते बिचारे दोघांचं ऐकून घेतात आणि दोघांनाही "बरोबर आहे" म्हणतात.

मी ठीक आहे. तुझी भावजय ठीक आहे. गुडघे सोडले तर आमचं बाकी सगळं जागच्या जागी आहे. माझ्या हातून एक घोटाळा झालाय, आणि तो ऐकून पोट धरून हसेल असं माणूस मला तुझ्याशिवाय आठवेना. म्हणून लिहितोय.

आमच्या पंपाच्या कारखान्याने सेवादिन काढलेत. वर्षातले दोन दिवस पगारी, पण कारखान्यात यायचं नाही, बाहेर कुठेतरी जाऊन समाजाच्या उपयोगी पडायचं. हे सगळं बघणारी एक पोरगी आहे. तिच्या हुद्द्याचं नाव दोन ओळींत मावत नाही, म्हणून आम्ही तिला उपक्रमवाली म्हणतो. झाडं लावायचा गट भरला होता, मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा भरला होता. मी फॉर्म उशिरा दिला, कारण तिच्या फॉर्ममध्ये तीन चुका होत्या आणि त्या सुधारल्याशिवाय मला सही करवेना. मग माझ्या वाट्याला आली वृद्धाश्रमाची भिंत.

पिवळा टी-शर्ट घालून, हातात ब्रश घेऊन आम्ही वीस जण भिंतीसमोर उभे राहिलो. भिंत आमच्यापेक्षा टवटवीत होती. कोपऱ्यातला एक पोपडा मी नखाने काढला आणि कडेने बघितला. रंगाचे सात थर. म्हणजे आमच्या आधी सात वेळा कुणी ना कुणी येऊन हीच भिंत रंगवून गेलं होतं. तिथल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "रंगवा हो तुम्ही. रंगवलं की सगळे खूश होऊन जातात."

आता तू मला ओळखतेस. मी ब्रश खाली ठेवला.

खिशात लाल टॅग होते. आमच्या गुणवत्ता विभागात खराब भाग दिसला की त्याला लाल टॅग बांधतात, वर 'रिजेक्ट' छापलेलं असतं. एकतीस वर्षं हेच केलंय, त्यामुळे हात आपोआप चालतो. न्हाणीतली आधाराची दांडी इतकी खाली की धरायला वाकावं लागतं. बांधला टॅग. पलंगाजवळची घंटा झोपलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. बांधला. खुर्च्या इतक्या खोल की बसलेलं माणूस उठवायला दोघं लागतात. सगळ्यांना बांधले. मग एक कपाट उघडलं, तर आत स्वेटर. आमच्याच कंपनीने गेल्या चार हिवाळ्यांत दिलेले, दोनशे बारा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेले. समोर एक कंडक्टर आजोबा अंगाभोवती चादर गुंडाळून कुडकुडत बसले होते. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली त्यांनी. मी विचारलं, "आजोबा, स्वेटर का घालत नाही?"

ते म्हणाले, "चांगले आहेत. फार चांगले आहेत." आणि खिडकीबाहेर बघू लागले.

चांगले आहेत तर कपाटात का, हे मला कळेना. मी वरच्या चाळीसेक स्वेटरांना टॅग बांधले आणि कुणाला तरी विचारावं म्हणून बाहेर गेलो. तेवढ्यात आमचे मोठे साहेब फोटोसाठी आले. उपक्रमवालीने धावत जाऊन कपाट उघडलं, वरचे स्वेटर काढले आणि प्रत्येक आजी-आजोबांच्या मांडीवर एकेक ठेवला. साहेबांना वाटलं, भेटवस्तूला लावतात तशी काहीतरी शोभेची चिठ्ठी आहे. त्यांनी दोन-तीन टॅग स्वतःच्या हाताने सरळ केले, नीट दिसावेत म्हणून. फोटो निघाला. मधोमध साहेब, आणि आजूबाजूला अडतीस म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर 'रिजेक्ट'.

हे तुला का कळवतोय? सहजच.

बारक्या

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. पण दाजी म्हणाले, पत्र फाडलं नाहीस. दोनदा वाचलंस म्हणे, आणि दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसलीस. दाजींना मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

पुढची हकीकत ऐक. तो फोटो कंपनीच्या गृहपत्रिकेत छापून आला. पहिल्याच पानावर, रंगीत. ऑफिसातल्या कुणाला काही दिसलं नाही, पण कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला लाल टॅग झोपेतसुद्धा ओळखू येतो. दुपारच्या सुट्टीपर्यंत नऊशे माणसं हसत होती. जोडणी विभागातल्या कुणीतरी ते पान माझ्या टेबलासमोर चिकटवलं आणि त्यालाच एक लाल टॅग बांधला.

तीन वाजता साहेबांचं बोलावणं आलं. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, ताई. तुझ्या भावजयीला फोन करून म्हणालो, "आज लवकर घरी येईन, कदाचित कायमचाच." ती म्हणाली, "येताना दूध आण."

साहेबांनी ते पान पुढे सरकवलं आणि एवढंच विचारलं, "दोष काय आहे?"

बरं झालं, मी तयारीने गेलो होतो. मधल्या रविवारी एकटाच वृद्धाश्रमात जाऊन आलो होतो. कंडक्टर आजोबांच्या शेजारी तासभर बसलो, तेव्हा कुठे ते बोलले. "हात वर जात नाहीत हो. हा डोक्यातून घालायचा स्वेटर. मान अडकते, मग मावशी ओढतात, मग खांदा ओरडतो. त्यांना सकाळी अडतीस माणसं आवरायची असतात. त्यापेक्षा चादर बरी."

"मग चार वर्षांत कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची का?"

हे सगळं मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. वर माझं म्हणून एक वाक्य जोडलं, की साहेब, आपला पंप तपासल्याशिवाय दारातून बाहेर जात नाही, मग आपलं दान कसं जातं? साहेब म्हणाले, "या वर्षीचे सगळे सेवादिन तिकडे लावा. आधी जे जे टॅग बांधलेत ते सोडवा. भिंतीला हात लावाल तर बघा."

एका आठवड्यात दांड्या वर सरकल्या, घंटा हाताशी आल्या, खुर्च्यांखाली ठोकळे बसले. आमची माणसं लोखंड, लाकूड, वायर या गोष्टींना भीत नाहीत. स्वेटरपाशी मात्र सगळ्यांचं घोडं अडलं. वेल्डर म्हणाला, सोपं आहे, समोरून उभा कापायचा आणि कडेला पट्टी लावायची. पत्रा कापायच्या कात्रीने त्याने कापला. आम्ही कौतुकाने बघत होतो. तो एका बाजूने उसवायला लागला, मग दुसऱ्या बाजूने, आणि पाच मिनिटांत टेबलावर नुसती लोकर. आता दोनशे अकरा उरलेत.

तुझ्या ओळखीत शिवणकाम जाणणारं कुणी आहे का गं?

बारक्या

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि त्या अक्षरात लिहिलेलं काय, तर "विणलेलं कापड कापण्याआधी दोन्ही बाजूंना मशीनची शिलाई मारतात, गाढवांनो." सही नाही, 'आशीर्वाद' नाही. त्या एका ओळीने मला झालेला आनंद तुला सांगूनही पटायचा नाही. कार्ड मी कारखान्यात नेलं आणि वेल्डरला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "गाढवांनो म्हणजे मीपण का?" म्हटलं, मुख्यतः तूच.

पण आता जे लिहायचंय ते हसण्यावारी न्यायचं नाही. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या सत्काराला तू कोट शिवून आणला होतास. भरल्या सभागृहात सगळे "वा, वा" करत होते आणि मी खिशातून टेप काढून बाह्या मोजल्या. म्हणालो, "डावी बाही अर्धा इंच जास्त आहे. ताईलासुद्धा लाल टॅग!" लोक हसले. तूही हसलीस. घरी जाऊन तू मशीनवर कापड टाकलंस ते आजपर्यंत काढलं नाहीस, आणि माझं तोंडही पाहिलं नाहीस. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवणारी बाई, शेजारणीला टाकासुद्धा घालून देईनाशी झाली.

तेव्हा तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तू कुणाला बोलली नव्हतीस. त्या डोळ्याने तू तो कोट शिवलास, माझ्यासाठी.

हे मला दाजींकडून कळलं. कधी कळलं, तेही सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षं झाली. चार वर्षं मला माहीत होतं, आणि मी पत्र लिहिलं नाही. आधी लाज वाटली. मग इतके दिवस लिहिलं नाही याचीच लाज वाटायला लागली. तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन मी परत फिरलो. हे दाजींनाही माहीत नाही.

ताई, मी चुकलो. अर्धा इंच चूक तुझी होती, बाकी सगळी माझी. बघ, इथेही मोजमाप सुटत नाही. आमच्या कामात पास झालेल्या मालाला कुणी काही म्हणत नाही, तो नुसता पुढे जातो. बोलायचं ते फक्त खराब मालाबद्दल. आयुष्यभर मी माणसांशी असाच वागलो. जे चांगलं होतं ते पाहिलं आणि काही न बोलता पुढे ढकललं. तू मला वाढवलंस, माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्यास, आणि मी तुला एकदाही 'छान झालंय' म्हणालो नाही. सगळं छान होतं. तो कोटसुद्धा.

आता सरळ विचारतो, ओळखीतलं कुणी वगैरे नको. तू ये. पाच मार्चला आमचे तीस जण वृद्धाश्रमात जमणार आहेत, शेजारच्या शिवणवर्गाने नऊ मशीनं द्यायचं कबूल केलंय. कसं कापायचं, कुठे शिलाई मारायची, यातलं कुणाला ओ का ठो कळत नाही. आलीस तर अडतीस माणसांचा पुढचा हिवाळा सुधारेल. नाही आलीस तरी मी तुला दोष देणार नाही. आजवर दिलेले पुरे झाले.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

ताई,

अटी मान्य! सगळ्या मान्य! तुझ्या कात्रीला कुणी हात लावणार नाही. पिवळा टी-शर्ट तू घालणार नाहीस (उपक्रमवाली हिरमुसली, पण मी तिला सांगितलं, तुला बघून वेल्डर घाबरला पाहिजे आणि पिवळ्यात कुणी घाबरत नाही). आणि मी तुझ्या मागे उभा राहणार नाही, टेप घरी ठेवून येईन. तुझ्या भावजयीने ती आत्ताच लपवलीये. टेप कुठे आहे असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, म्हणजे देवाच्या फोटोमागे."

दाजी म्हणाले, तू मशीनवरचं कापड काढलंस आणि तेल घातलंस. मी कारखान्यात कारण न सांगता सगळ्यांना दोन वेळा चहा पाजला.

बारक्या

७ मार्च

ताई,

तू परवा तिथेच होतीस, मग काय लिहायचं, असं म्हणशील. पण तू दिवसभर मान खाली घालून शिवत होतीस. आजूबाजूला काय चाललं होतं ते मी पाहिलं.

आल्या आल्या तू नमुन्याचे दोन स्वेटर मागितलेस, सगळ्यांना गोल उभं केलंस आणि म्हणालीस, "आधी खडूने मधली रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना शिलाई. मग कात्री. हा क्रम जो मोडेल त्याने घरी जायचं, मग तो कुणीही असो." त्या गोलात आमचे मोठे साहेब उभे होते, हे तुला माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि खडू घेतला. त्यांची रेघ वाकडी आली तेव्हा तू ती पुसून म्हणालीस, "हात स्थिर ठेव रे." आमच्या कारखान्यात त्यांना 'रे' म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. ते दिवसभर खूश होते.

बटणं लावायची की वेल्क्रो, यावर उपक्रमवाली आणि नर्सबाई वाद घालत होत्या. तू दोघींना काही न बोलता कंडक्टर आजोबांपुढे जाऊन बसलीस आणि एक बटण त्यांच्या हातात ठेवलंस. ते त्यांच्या बोटांतून दोनदा निसटलं. मग वेल्क्रोचा तुकडा दिलास. त्यांनी तो लावला, काढला, पुन्हा लावला, आणि त्या करकर आवाजावर लहान मुलासारखे हसले. वाद तिथेच मिटला. चार वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी फक्त टॅग बांधला होता.

वेल्डरची शिलाई बघून तू म्हणालीस, "सरळ आहे. छान." तो संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला ती शिलाई दाखवत फिरत होता. एक शब्द माणसाला किती पुरतो बघ.

आणि मग हेडबाई. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या, शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या. नर्सबाई म्हणाल्या होत्या की पाच वर्षं दुसरं कुणीतरी त्यांना कपडे घालतं, आणि तेवढा वेळ त्या डोळे मिटून घेतात. तू निळा स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवलास. त्यांनी तो उलटसुलट केला, तुझी शिलाई बघितली, आणि म्हणाल्या, "सगळे बाहेर जा. दार लावा."

मावशी म्हणाल्या, "बाई, जमणार नाही, पडाल."

"दार लावा."

आम्ही सगळे बाहेर. व्हरांड्यात तीस पिवळे टी-शर्ट, साहेब, नर्सबाई, चाकाच्या खुर्च्या. पाच मिनिटं झाली. आठ झाली. आत काहीतरी पडलं आणि मावशी पुढे झाल्या, तेव्हा आतून आवाज आला, "चष्मा आहे. मी ठीक आहे." दहा मिनिटं. तू माझं मनगट धरलं होतंस, ताई. तुझ्या लक्षातही नसेल. नखं रुतली होती. मी श्वाससुद्धा बेताने घेतला, तू हात सोडशील म्हणून.

बाराव्या मिनिटाला दार उघडलं. हेडबाई उभ्या होत्या, निळा स्वेटर घालून, केस स्वतः विंचरून. वेल्क्रो वर-खाली लागला होता, डावी कड उजवीपेक्षा बोटभर वर. ते मला दिसलं. मला नाही दिसणार तर कुणाला? त्यांनी थेट माझ्याकडेच बघितलं, कारण टॅगवाला म्हणून मला तिथे सगळे ओळखतात, आणि विचारलं, "कसा दिसतो?"

मी म्हणालो, "फार छान दिसतो, बाई." आणि खरं सांगतो, तो छानच दिसत होता.

त्यानंतर जो टाळ्यांचा गजर झाला त्यात तू रडलीस की नाही, हे मी विचारणार नाही. साहेब रडले. वेल्डर तर हुंदके देऊन रडला. फोटो काढायचं उपक्रमवाली विसरली, आणि हा तिच्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता असं ती काल म्हणाली. सत्तेचाळीस स्वेटर झाले. काल सकाळच्या गारव्यात वृद्धाश्रमात चादर गुंडाळलेलं एकही माणूस नव्हतं.

तू साडेपाचच्या बसने गेलीस. बसमध्ये चढताना "येते" म्हणालीस, एवढंच. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला म्हणालो, काम झालं, पण माझ्याशी ती मोजकंच बोलली. माफ केलं की नुसतं काम केलं, ते काही कळलं नाही. ती म्हणाली, विचारलं नाहीत का? मला धीर झाला नाही.

आज सकाळी उपक्रमवालीने फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. बाहेरून आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून विम्यासाठी एक फॉर्म भरून घेतात, तसा तुझ्याकडूनही दारातच घेतला होता. त्यात चुका राहिल्यात का, ते बघायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी एकेक फॉर्म बघत गेलो. शेवटचा रकाना असा असतो, 'तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवावे'. सगळ्यांनी लिहिलेलं तेच, नवरा, बायको, मुलगा.

मग तुझा फॉर्म आला. मला वाटलं, दाजी असतील.

तू माझं नाव लिहिलं होतंस. नात्यापुढे 'धाकटा भाऊ'. आणि पुढे माझा नंबर. सकाळी नऊ वाजता, माझ्याशी एक शब्दही बोलायच्या आधी, कुणाला न विचारता. सहा वर्षांत त्या नंबरावर तुझा एकही फोन आला नव्हता.

मी एकेक आकडा बोट ठेवून तपासला, ताई. मग पुन्हा तपासला. दहाच्या दहा बरोबर आहेत.

फोन माझ्या खिशातच असतो. तातडीचं काही नसलं तरी कर.

बारक्या